ताप आहे, साहेब

माझी नणंद व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. दारुड्यांच्या बायकांना ती बजावते, नवऱ्यावर पांघरूण घालू नका, त्याच्या कामावर खोटे निरोप देऊ नका, त्याचं त्याला निस्तरू द्या. बायका माना डोलावतात. आणि आमच्या घरी? माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पिऊन पडला की सकाळी त्याच्या साहेबांशी फोनवर कोण बोलतं? हीच बाई! "साहेब, त्याला ताप आहे हो." आवाज असा, की ऐकणाऱ्यालाच कणकण वाटावी.

हे वळण लहानपणचं. माझे सासरेही प्यायचे. कारखान्यातून माणूस बोलवायला आला की सासूबाई या पोरीला दारात पुढे करायच्या. लहान मुलीवर कोण संशय घेणार? असं झाकता झाकता सासरे गेले. त्या रागातच ती हे काम शिकली. म्हणून ती पेशंटला उपदेश करत नाही. आधी समोर चहा ठेवते, मग विचारते, "तुझ्यासाठी घरात खोटं कोण बोलतं?" भलेभले तिथे ढसाढसा रडतात.

काल मी तिला चांगलंच सुनावलं. "ताई, केंद्रात एक आणि घरात एक, हे किती दिवस चालायचं?"

ती भांडली नाही. म्हणाली, "आता कारणाशिवाय एक जरी खाडा झाला तर साहेब त्याला घरी बसवणार आहेत. नोकरी गेली तर तो जास्त पिणार, राहिली तरी पीतच राहणार. दोन्हीकडून अडकलेय गं मी." मग तिने शब्द दिला, पुन्हा खोटं बोलणार नाही.

आज सकाळी नवरा उठलाच नाही. टेबलावर त्याचा मोबाइल वाजायला लागला. साहेबच होते. ताई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. आतून त्याची हाक आली, "ताई, घे ना!" ती हलली नाही. मला तिचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! फोन थांबला, पुन्हा वाजला. मला तो घरात बसलेला दिसला, सकाळपासून, रोज, कायमचा. मी झटकन फोन उचलला.

"साहेब, यांना ताप आहे हो," मी म्हणाले.

टोमणा मारायची ताईला आयती संधी होती. तिने उठून चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसली. विचारलं मात्र काहीच नाही.