बारका दोन

हणमंत शेवाळे मूळचा कोरेगाव तालुक्यातला गडी. बावीस वर्षं लखनौच्या एका औषध संशोधन संस्थेत काचेचं सामान धुवून आणि आम्लं ओतून पिकलेला. पँटीला गुडघ्याखाली कायम बारीक भोकं. बाटलीवरच्या लेबलावर कुणी खाडाखोड केलेली दिसली की त्याचं टाळकं सरकायचं. गेल्याच महिन्यात पीएचडीला आलेल्या सत्यजितला त्यानं चारचौघांत झापलं होतं, "माल पायजे तेवढा घ्या, साहेब, पण लेबलाला हात लावायचा न्हाय. तुमच्या पेनानं बाटलीतलं बदलत नसतंय."

तो राहायचा त्या जानकीपुरमच्या गल्लीत मात्र त्याला 'साइंटिस्ट साहब' म्हणत. आधी तो नुसता हसायचा. हसण्यात पाच वर्षं गेली, आणि नाही म्हणायची वेळ टळून गेली. दहावीतली त्याची लेक नेत्रा शाळेतही तेच सांगायची.

शहाण्णव सालची गोष्ट. रविवारी सकाळी नेत्रा रसायनाच्या समीकरणांची वही घेऊन आली. "पापा, ये बैलेंस नहीं हो रहा."

जस्तावर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की झिंक क्लोराइड होतं आणि हायड्रोजन बुडबुडत उडून जातो, हे हणमंतानं हजारदा बघितलेलं. कागदावर मात्र उजवीकडं हायड्रोजन दोन, क्लोरीन दोन, आणि डावीकडं एकेकच. त्यानं आकडे पुन्हा मोजले.

त्याची बायको यमुना मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "येत नसंल तर सांगा की तिला सरळ."

"गप गं. रोजचं काम हाय माझं."

त्यानं पेन्सिल घेतली आणि डावीकडच्या हायड्रोजनच्या आणि क्लोरीनच्या, दोघांच्याही पायाशी एकेक बारका दोन काढला. "हे बघ. दोन्हीकडं दोन-दोन. झालं का न्हाय?"

"अरे हाँ," नेत्रा खूश झाली.

गुरुवारी ती शाळेतून आली ती दप्तर टाकून भिंतीकडं तोंड करून पडली. हणमंतानं वही उघडली. लाल शाईत लिहिलं होतं: 'यह कौन-सा एसिड है? किसने सिखाया? अभिभावक के हस्ताक्षर.' म्हणजे पालकाची सही हवी होती.

"मैम ने बोर्ड पे लिखवाया," नेत्रा भिंतीशीच बोलली. "मैंने कहा पापा साइंटिस्ट हैं, उन्होंने कराया. सब हँसने लगे."

हणमंतानं ते समीकरण एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळं सामान धुऊन झाल्यावर तो चिठ्ठी घेऊन अरुणा मॅडमच्या टेबलापाशी गेला. मॅडम पुण्याच्या, त्याच्या विभागाच्या मोठ्या शास्त्रज्ञ. "शेजारच्या पोराचं हाय," तो म्हणाला. तिथंही खोटंच.

मॅडमनी चष्मा वर केला. "हणमंतराव, असलं आम्ल जगात नाही. खालचा बारका आकडा म्हणजे बाटलीवरचं लेबल समजा. त्याला हात लावायचा नाही. आम्ल कमी पडतंय ना? मग तेच आम्ल दुप्पट घ्या. दोन लिहायचा, पण पुढं, मोठा. अहो, हे तर तुम्हीच सांगता पोरांना."

मागच्या टेबलावर सत्यजित काचेच्या नळीतली पातळी बघत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि मान आणखी खाली घातली. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं हणमंताला वाटलं. चिठ्ठी मुठीत चुरगाळून तो परत धुण्याच्या टाकीपाशी गेला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवत राहिला.

संध्याकाळी तो नेत्राशेजारी बसला. यमुना दारात उभी राहिली.

"चूक तुझी न्हाय, बाळा," तो म्हणाला. "आन् मी साइंटिस्ट बी न्हाय. त्यांचं सामान धुतो, ते मागतील ते काढून देतो. लोकं म्हणत गेली, मी म्हणू दिलं."

नेत्रानं वहीचा कोपरा दुमडला. "तो मैं कल क्या बोलूँ?"

"तू काय बोलू नगंस."

त्यानं शाईचं पेन काढलं. लाल प्रश्नाखाली आधी समीकरण लिहिलं, आम्लाच्या पुढं मोठा दोन घालून. मग त्याखाली: 'मैंने सिखाया था. गलती मेरी है. हणमंत शेवाळे, लैब अटेंडेंट.' शेवटच्या दोन शब्दांची अक्षरं तिरकी झाली. लिहून झाल्यावर त्याची मान काही वर होईना.

नेत्रानं वही ओढून घेतली, वाचली. शाई ओली होती. तिनं शेवटच्या ओळीवर हळूहळू फुंकर घातली आणि अक्षरं वाळल्यावरच वही मिटली.