कुजबूजचे वाट पाहण्याचे दिवस

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबूज म्हणत. तिचं खरं नाव मालकांनासुद्धा एकदा तिलाच विचारून घ्यावं लागलं होतं. काम प्रॉम्प्टरचं. डाव्या विंगेत एक बुटकं स्टूल, मांडीवर संहिता, डोक्यावर जेमतेम अक्षरं दिसतील एवढा दिवा. नट अडला की त्याच्यापुरतं ऐकू जाईल असं पुढचं वाक्य सोडायचं. आता कानात यंत्रं घालतात म्हणे. त्या काळी कानात कुजबूज होती, आणि तिच्या भरवशावर भल्याभल्यांनी पाठांतराला सोडचिठ्ठी दिली होती.

त्या स्टुलावरून नटांचे चेहरे दिसत नसत, पाय दिसत. अकरा वर्षं पाय बघून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. वाक्य विसरलेल्या नटाच्या पायाचा अंगठा आत वळतो. मुद्दाम थांबलेला नट टाच रोवून उभा असतो. पहिल्याला मदत करायची, दुसऱ्याच्या वाटेला जायचं नाही. कोण कुठे किती थांबतो, तेवढ्या उभ्या रेघा ती संहितेत पेन्सिलीने मारून ठेवायची. कंपनीच्या मोठ्या बाई दुसऱ्या अंकाच्या शेवटी, मुलाचं पत्र हातात धरून, सात रेघा थांबत. त्या सात रेघांत प्रेक्षागृहात कुणी खोकत नसे.

अशा या कुजबूजला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पोटातल्या बाळाचे ठोके थांबलेत. दहावा आठवडा चालू होता आणि वाढ आठव्यालाच थांबली होती. पोटात दुखलं नव्हतं, रक्त गेलं नव्हतं. मळमळ तर त्या दिवशी सकाळीही होती. आठवड्याने दुसरी सोनोग्राफी झाली. तीही तेच म्हणाली.

"तुमच्या हातून काही चुकलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिने चढलात, धावपळ केलीत, त्याने हे होत नाही."

मग त्यांनी तीन वाटा सांगितल्या. आपोआप बाहेर पडेल म्हणून दोनेक आठवडे थांबायचं. किंवा गोळ्या घ्यायच्या, घरीच कळा येतील आणि रक्त जाईल. किंवा सक्शनने पिशवी रिकामी करून घ्यायची, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. पहिल्या दोन वाटांत कधी कधी शेवटी तिसरीवर यावं लागतं. ताप आला किंवा रक्त फार जायला लागलं, तर कुठलीही वाट असो, तडक निघून यायचं.

"तिन्ही ठीक आहेत. तुम्ही ठरवा," असं म्हणून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं.

घरी या तीन वाटांना तीन वकील मिळाले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "शरीराला कळतं सगळं."

"गोळ्या घे गं वहिनी," नणंद म्हणाली. "माझ्या ऑफिसातल्या एकीने घेतल्या. चौथ्या दिवशी कामावर हजर."

"एकदाचं साफ करून मोकळी हो," तिची आई फोनवर म्हणाली. "आणि सासरच्यांचं फार ऐकू नकोस."

नवरा कंपनीतच दिवे सांभाळायचा. भला माणूस, पण दिवा सांगितल्याशिवाय लावायची सवय नव्हती.

"तू म्हणशील ते," तो म्हणाला.

"ते सोडून काहीतरी बोल."

त्याने बराच विचार केला. "डॉक्टर म्हणतील ते."

"डॉक्टर म्हणतात, मी म्हणेन ते."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि वायरी गुंडाळायला गेला.

कुजबूजने थांबायचं ठरवलं. वाट पाहणं हाच आपला धंदा, आपल्याइतकं कुणाला जमणार, असा तिने हिशेब केला. आठ दिवस गेले. काही झालं नाही. ती तालमींना जात होती, पाय बघत होती, आणि दर अर्ध्या तासाने बाथरूममध्ये जाऊन येत होती. मेकअपवाल्याने तिला पोट बिघडल्यावरचं चूर्ण आणून दिलं. तिने आभार मानून ते पर्समध्ये ठेवलं.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. पहिला अंक सुरळीत गेला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मोठ्या बाईंनी पत्र वाचलं, हात खाली सोडला, आणि थांबल्या. कुजबूज मोजू लागली. एक. दोन. तीन. बाईंची टाच घट्ट रोवलेली होती, अंगठा सरळ होता, सगळं जिथल्या तिथे होतं. चौथ्या रेघेलाच कुजबूजने बाईंचं पुढचं वाक्य सोडलं,

"दार उघडंच ठेवा."

तेही हळू नाही. तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं. कुणीतरी फिसकन हसलं.

मोठ्या बाईंनी मान किंचित विंगेकडे वळवली. "ऐकलं," त्या म्हणाल्या, जणू घरातलंच कुणी बोललं होतं. "ऐकलं मी." मग उरलेल्या तीन रेघा पूर्ण थांबल्या आणि आपलं वाक्य बोलल्या. टाळ्या पडल्या. त्या बाई तशाच होत्या. अंगावर छत पडलं असतं तरी त्यांनी ते भूमिकेत घेतलं असतं.

मध्यंतरात कुजबूज मेकअपच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"मी विसरले होते का गं?" बाईंनी आरशातूनच विचारलं.

"नाही बाई."

"माझा पाय दिसत नव्हता?"

"दिसत होता."

"मग?"

"मला वाटलं, आता तुम्ही बोलणारच नाही."

बाई वळल्या. अर्ध्या चेहऱ्यावर म्हातारपण रंगवलेलं होतं, अर्धा चेहरा त्यांचा स्वतःचा होता. कुजबूजने दोन्ही अर्ध्यांना सगळं सांगून टाकलं. ठोके, तीन वाटा, आठ दिवस.

"थांबायचं कुणी ठरवलं?"

"मीच. मला सवय आहे म्हणून."

"सवय आहे म्हणून? इतकंच?"

कुजबूजने पर्समधली चूर्णाची पुडी काढली, परत ठेवली. बाईंनीही घाई केली नाही.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "ठोके परत येतील म्हणून थांबले होते. दोन्ही मशिनं चुकली असतील म्हणून."

बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "माझं ऐकशील तर..." असं म्हणून त्या एकदम गप्प झाल्या. "नको, ऐकू नकोस. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलत आले मी. पण बैस इथे. तिसऱ्या अंकात कुणी अडलं तर अडू दे."

तिसऱ्या अंकात दोघे अडले. एकाने तर तेच वाक्य तीनदा म्हटलं. कुणी हसलं नाही, प्रेक्षकांना ते फार खोल वाटलं.

प्रयोग सुटल्यावर कुजबूज नवऱ्याला म्हणाली, "पिशवी साफ करून घ्यायची. गोळ्या घेऊन परत घरी वाट बघत बसणं मला जमणार नाही."

"तू म्हण..." त्याने सुरुवात केली आणि जीभ चावली. "मी मंगळवारची सुट्टी काढतो," तो म्हणाला. आपणहून.

मंगळवारी वीस मिनिटांत सगळं उरकलं. दुपारी नर्सने कागदावर सही घेतली, काय झालं तर यायचं ते पुन्हा बजावलं आणि सोडलं.

घरी सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी भरून ठेवली होती. ती त्यांनी सुनेच्या पोटावर ठेवली, पांघरूण नीट केलं आणि कॉटच्या कडेला बसल्या.

"माझं नाही ऐकलंस."

"तुमचं चुकलं नव्हतं, आई. थांबणंही चालतं, डॉक्टर म्हणाल्या. मलाच झेपलं नाही."

सासूबाई पांघरुणाची एक सुरकुती काढत राहिल्या. काढून झाली तरी काढत राहिल्या.

"मलाही नव्हतं झेपलं," त्या म्हणाल्या. "हा व्हायच्या आधी. आम्हाला कुणी विचारलं नाही काय करायचं. थांबायचं, एवढंच असतं असं वाटलं. म्हणून तुला तेच सांगितलं. दुसरं काही मला येत नव्हतं."

"किती दिवस थांबलात?"

"बारा."

"बारा दिवस काय केलंत?"

"स्वयंपाक," सासूबाई म्हणाल्या.

कुजबूज रडायला लागली, आणि अकरा वर्षांत कुणी ऐकला नव्हता असा तिचा आवाज शेजारच्या खोलीत गेला. नवरा धावत दारात आला.

"काय झालं? डॉक्टरांना फोन करू?"

"काही नको," सासूबाई म्हणाल्या. "तू जा. आम्ही बोलतोय."