देवासच्या पाट्या नि आगबोटीचं पुस्तक

लग्न होऊन आले तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं. हे हाटपिपल्याच्या शाळेत मास्तर. दिवसभर गावची मुलं शिकवून घरी आले की मला शिकवायचे. मी पाटीवर गिरवायची, आणि कुणी शेजारीण आली की पाटी सुपाखाली सरकवायची. वर्षाभरात वाचायला लागले. पुढे लेक झाली, तिला मीच शिकवलं. ती आठ वर्षांची झाली तेव्हा धाकटा पाचाचा होता. त्याला सुटी अक्षरं यायची, पण जोडाक्षर दिसलं की गाडीचा बैल अडावा तसा तो अडायचा.

घरात पुस्तकं तीन. ती इतक्यांदा वाचून झाली होती की लेक पान न बघता पुढची ओळ म्हणायची. त्या दिवाळीनंतर ह्यांना शाळेच्या कामासाठी चार दिवस देवासला जायचं होतं. जेवताना हे म्हणाले, "सगळेच जाऊ. आत्याबाई केव्हाच्या बोलावताहेत. आणि तिथे आता वाचनालय उघडलंय. दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत म्हणे."

लेकीचा घास हातातच राहिला. "दोन कपाटं? सगळी वाचू देतात?"

"बघू की."

त्या रात्री मुलं झोपली, पण मला काही झोप येईना.

बैलगाडीने दीड दिवसाचा रस्ता. वाटेत मैलाचा दगड आला की दोघं ओरडून आकडा वाचायची. गाडीवान माळव्यातला म्हातारा. तो हसून ह्यांना म्हणाला, "भिया, ई छोरा-छोरी तो भाटा बी बाँची लेगा." म्हणजे ही पोरं दगडसुद्धा वाचून काढतील. मग पुढचा दगड जवळ आला की तोच बैलांचा वेग कमी करायचा, मुलांना नीट वाचता यावा म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी देवासची माताजीची टेकडी दिसली आणि मुलं गाडीत उभीच राहिली.

देवासची एक गंमत ह्यांनी आधीच सांगून ठेवली होती. गाव एक, पण राजे दोन. एकाच घराण्याच्या दोन पाती, म्हणजे शाखा; थोरल्या पातीचे वेगळे, धाकट्या पातीचे वेगळे. बाजारच्या रस्त्याची एक बाजू एका राज्यात, तर दुसरी दुसऱ्यात. मुलांनी हे ऐकलं आणि गाडीतच वाटणी करून टाकली. थोरली पाती थोरलीची, धाकटी पाती धाकट्याची. आपापल्या राज्यातल्या पाट्या आपणच वाचायच्या, दुसऱ्याच्या वाचायच्या नाहीत.

रात्री आत्याबाईंकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामाला गेले. जाताना मला म्हणाले, "वाचनालय बाजाराच्या टोकाला आहे. मी दुपारी तिथेच येतो. तू मुलांना घेऊन ये."

शहरातल्या रस्त्याने मी पुरुषमाणसाशिवाय कधी चालले नव्हते. पण मुलांनी मला लाजायला सवडच दिली नाही. लेक तिच्या बाजूने धावत होती, "कासार! किराणा! शिंपी!" धाकटा त्याच्या बाजूने एकेक अक्षर जुळवत होता. मी मधून, दोन राज्यांच्या सीमेवरून, दोघांवर नजर ठेवून चालले होते.

एका दुकानापाशी धाकटा थांबला तो हलेना. पाटीत जोडाक्षर होतं. "अ... त... आई, हा त अर्धा का?"

"अर्धा नि पूर्ण जोडून म्हण."

त्याने ओठ आवळले, सोडले. "अत्... तर. अत्तर." मग माझ्याकडे वळून, "आई, वास येतोय तेच लिहिलंय."

गादीवरच्या म्हाताऱ्या दुकानदाराने हे सगळं पाहिलं होतं. त्याने कापसाचा छोटा फाया केवड्याच्या अत्तरात बुडवून मुलाच्या कानात अडकवला. "हे वाचनाचं बक्षीस," म्हणाला. लेक रस्त्यापलीकडून बघत होती. तिचं तोंड पडलं. तेव्हा धाकटा स्वतः रस्ता ओलांडून तिच्या राज्यात गेला आणि कान पुढे करून उभा राहिला. "घे, वास घे."

वाचनालय म्हणजे एक लांबट खोली. आत चारसहा पुरुष वर्तमानपत्रं वाचत बसलेले. ह्यांचा पत्ता नव्हता. दाराशी कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते मला बघून अवघडले.

"बाई, बायकांना बसायची सोय नाही इथे."

मी मागे फिरणार तोच लेक म्हणाली, "पण आई वाचते. आम्ही हाटपिपल्याहून वाचायलाच आलोय."

"हाटपिपल्याहून?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. थोडा वेळ विचार केला, आत गेले आणि एक मोठं पुस्तक घेऊन बाहेर आले. "आत सोय नाही. ओटा मात्र रिकामा आहे."

पुस्तकात चित्रं होती. पहिल्याच पानावर समुद्र आणि त्यावर धूर सोडणारी आगबोट. आम्ही माळव्यातली माणसं, समुद्र कुणी पाहिलेला? धाकट्याने बोट ठेवून विचारलं, "एवढं पाणी कुणाच्या राज्यात?" आत पेपर वाचणाऱ्यातला एक जण मोठ्याने हसला.

मी पदर सावरून वाचायला लागले. दोन भाऊ आगबोटीतून दूरदेशी निघालेले. आधी मुलांपुरतं, हळूच वाचत होते. मग वादळ आलं, आणि मी कुठे बसले आहे तेच विसरले. मान वर केली तेव्हा ओट्यापुढे भाजीवाली टोपली उतरवून बसली होती, शाळा सुटलेली पोरं उभी होती, आणि सगळ्यांच्या मागे हे उभे होते. मी पुस्तक मिटलं. हे एवढंच म्हणाले, "थांबू नकोस, बोट हेलकावते आहे."

घरी पोचायच्या आत बातमी आत्याबाईंच्या कानावर गेलेली. त्या ह्यांच्या थोरल्या आत्या, विधवा, सोवळ्याच्या कडक. मी खाली मान घालून उभी राहिले.

"भर बाजारात बसून वाचलंस म्हणे."

"हो."

"भाजीवाली सांगत होती. पण अर्ध्यावरच उठली मेली." त्या माळ ओढायच्या थांबल्या. "ती बोट लागली का काठाला?"

मी म्हटलं, "माहीत नाही. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली, पुस्तक तिथेच राहिलं."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी ह्यांना कामावर जाण्याआधी वाचनालयात पिटाळलं. ह्यांच्या शब्दावर त्या वृद्ध गृहस्थांनी पुस्तक दोन दिवस घरी दिलं. मग काय, दोन्ही दुपारी आत्याबाईंच्या ओसरीवर शेजारच्या बायकांची दाटी. वाचता वाचता माझा घसा बसला की लेक पुढे वाचायची, आणि एकदा तर धाकट्याने हट्टाने पाच ओळी वाचल्या. जोडाक्षराशी अडला की सगळ्या बायका श्वास रोखून बसायच्या. आगबोट काठाला लागली तेव्हा आत्याबाई उठल्या आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, जशी काही घरचीच माणसं सुखरूप आली होती.

निघायच्या दिवशी पुस्तक परत केलं. त्या गृहस्थांनी ते उलटसुलट पाहिलं, एक पानही दुमडलेलं नव्हतं. मग न विचारताच कपाटातून दुसरी दोन काढून माझ्या हातात ठेवली. ह्यांच्या नव्हे, माझ्या. "मास्तर पुढच्या खेपेला येतील तेव्हा पाठवा," म्हणाले.

गाडी गावाबाहेरही पडली नव्हती, तोवर आधी कोणतं उघडायचं यावरून दोघांचं भांडण जुंपलं. मी दोन्ही माझ्या मांडीवर घेतली आणि वरचं उघडलं. गाडीवानाने मागे वळून पाहिलं आणि बैल हळू केले.