रोसाल्विनाची पोती

उद्या सकाळी सहा वाजता माझी मुलगी एक फोन करणार आहे, आणि त्या फोनवर ती जे सांगणार आहे ते चुकीचं आहे. संध्याकाळपासून डोक्यात हे एवढंच चालू आहे. माझा नवरा राजेश कधीच झोपला. मी दोनदा अंथरुणावर जाऊन परत खाली आले, आणि शेवटी वही घेऊन बसले.

फोन पेरूला जायचा आहे. उत्तर पेरूच्या डोंगरात छोट्या कॉफी उत्पादकांची एक सहकारी संस्था आहे. इला त्यांना सांगणार, की रोसाल्विना नावाच्या बाईच्या कॉफीला रसायनाचा वास येतो. एवढं सांगितलं की संस्थेला पुढचं करावंच लागतं. रोसाल्विनाचा ऑरगॅनिकचा शिक्का जाईल, तीन वर्षं परत मिळणार नाही, आणि तोवर तिचं पीक रस्त्यावरचा दलाल म्हणेल त्या भावाने जाईल. वास कुठून आला ते मला ठाऊक आहे. तो तिच्या शेतातून आलेला नाही.

इला नंतर हे कधीतरी शोधून काढेल, आणि मग तिचं काय होईल, ही माझी भीती आहे. पाचवीत असताना तिने मेगन नावाच्या मैत्रिणीवर ब्रेसलेट घेतल्याचा आळ घेतला होता. ब्रेसलेट आमच्याच सोफ्याच्या फटीत सापडलं. इला त्याच दिवशी मेगनच्या दारात जाऊन सॉरी म्हणून आली, पण मेगन पुन्हा आमच्याकडे आली नाही. ते ब्रेसलेट इलाने आजपर्यंत हातात घातलेलं नाही, आणि टाकूही दिलेलं नाही.

ती इथेच अमेरिकेत जन्मली, रेडमंडला. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. चिडली की मात्र मराठी येतं. कॉलेजात केमिस्ट्री घेतली. पुढे फार्मसी करायची असं तिचं तिनेच ठरवलं होतं, प्रवेशही मिळाला होता. मधल्या उन्हाळ्यात सिअ‍ॅटलच्या एका छोट्या कॉफी भाजणाऱ्याकडे तिने काम धरलं. आम्हाला वाटलं, सुट्टीपुरतं आहे. त्या माणसाने तिला चव घ्यायला शिकवलं. पेले ओळीने मांडायचे, भरड कॉफीवर गरम पाणी ओतायचं, वर आलेला थर चमच्याने मोडताना नाक अगदी खाली न्यायचं, आणि मग चमचाभर कॉफी जोरात भुरका मारून ओढायची, म्हणजे ती सगळ्या जिभेवर पसरते आणि वास आतून नाकात चढतो. आमटीचा भुरका मारते म्हणून मी जिच्यावर जेवताना डोळे वटारायचे, तिने भुरक्याचाच धंदा काढला.

२००५ मध्ये ती पेरूला जाऊन आली. रोसाल्विनाच्या घरी राहिली. बाईने हिला आपला पलंग दिला आणि स्वतः मुलीशेजारी जमिनीवर झोपली. इलाने ते तिसऱ्या दिवशी पाहिलं आणि तिला फार लाज वाटली. रोसाल्विनाच्या शेजारचा शेतकरी फवारणी करतो. त्याचं औषध वाऱ्याने आपल्याकडे येऊ नये म्हणून तिने बांधावर केळींची दाट रांग लावली आहे. त्या केळींचे फोटो इलाने आम्हाला इतक्यांदा दाखवले, की राजेश म्हणाला, बाकीचं पेरू कसं दिसतं ते एकदा कळू दे.

परत आल्यावर तिने फार्मसीचा प्रवेश सोडला आणि सिअ‍ॅटलमध्ये एक गाळा घेऊन स्वतःची भट्टी लावली. फेअर ट्रेड, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देऊन घेतलेली, ऑरगॅनिक, छोट्या शेतकऱ्यांची कॉफी. शनिवारच्या बाजारात टेबल लावते, दोन चर्चना आणि काही ऑफिसांना माल देते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळखीच्या विनीताने मला सगळ्यांसमोर विचारलं, "इला अजून चहा-कॉफीचंच बघते का गं?" मी हसून मोदकांचं ताट पुढे केलं. घरी येऊन इलाशी भांडले. त्या भांडणातच ती मराठीत म्हणाली, "यंदाचा माल मी पहिल्यांदाच थेट एकाच शेतातून घेतेय. तो जमला नाही तर मी फार्मसीला जाईन. प्रॉमिस."

तो माल म्हणजे रोसाल्विनाची पोती. इलाने प्रॉमिस केलं तेव्हा मला आनंद झाला होता, हेही इथे लिहून ठेवते, कारण आज रात्रीचा घोळ त्यातूनच आहे.

ऑक्टोबरात नाना आले, माझे सासरे. त्र्यंबक नानांचं सगळं आयुष्य नागपूरला इतवारीत साड्यांच्या पेढीवर गेलं. मालक नव्हते, पण माल सांभाळायचं काम त्यांचं. रेशमाला कसर लागू न देणं हा त्यांचा अभिमान. अजूनही कुणाच्या घरी गेले की कपाट उघडून वास घेतात आणि मान हलवतात. इथे पावसात बाहेर पडता येईना, म्हणून दिवसभर काहीतरी काम शोधायचे. मोजे जोडीने लावले, माझ्या मसाल्यांच्या बाटल्यांची झाकणं बदलली.

इलाशी त्यांचं मेतकूट जमलं ते कॉफीवरून. तिने खास त्यांच्यासाठी कॉफी केली, तर नानांनी ती पातेल्यात ओतली, दूध-साखर घालून उकळली आणि वर जायफळ किसलं.

"आजोबा, ही कॉफी आहे, बासुंदी नाही."

"मग बासुंदीने तुझं काय वाईट केलंय?"

पण ती बशीत ओतून त्यांनी जो भुरका मारला तो ऐकून इला टेबलावर हात आपटून हसली. "आई, आजोबा इज अ नॅचरल. मला हा आवाज काढायला वर्ष लागलं." त्यानंतर ती आली की दोघं समोरासमोर बसून भुरके मारायची. घरात इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

डिसेंबरात ते मोठं वादळ झालं, सगळीकडचे दिवे गेले. पेरूची पोती त्याच आठवड्यात आली आणि इलाच्या गाळ्याचं छप्पर गळत होतं. तिने पोती आमच्या गॅरेजमध्ये आणायची ठरवली. त्याआधी तिने गॅरेज असं साफ केलं की राजेश वैतागला. रंगाचे डबे, गवत कापायचं यंत्र, पेट्रोलचा कॅन, सगळं शेजाऱ्यांच्या शेडमध्ये गेलं. जमीन धुतली, लाकडी फळ्या टाकल्या, त्यावर पोती. हिरव्या कॉफीला शेजारचा वास पटकन लागतो, हे तिने आम्हा दोघांना बजावलं. नाना तेव्हा आंघोळीला गेले होते. त्यांना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वीज नसल्याने तिने मालाची चवही घेतली नाही, पुढे बघू म्हणाली.

पोती सुंदर होती. ताग, त्यावर हिरव्या शाईत डोंगर, आणि खाली जाड अक्षरांत रोसाल्विनाचं नाव. नाना गॅरेजमध्ये खुर्ची टाकून ती बघत बसायचे. विणकर चांगला आहे, म्हणायचे. एक रिकामं झालं की मला दे, नागपूरला नेतो, असं इलाला सांगून ठेवलं होतं. जानेवारीच्या मध्यावर छप्पर दुरुस्त झालं, राजेशने पोती गाळ्यावर पोचवली, आणि त्याच आठवड्यात नाना परत गेले.

गेल्या रविवारी इलाने मला गाळ्यावर बोलावलं. चेहरा उतरलेला. तिने माझ्यापुढे पेला ठेवला आणि आधी काही न सुचवता विचारलं, "तुला काय लागतं?" मी भुरका मारला. कॉफी होती, मागून काहीतरी गारसर, टोचणारं येत होतं. वाईट लागलं असंही मला म्हणता येईना. ओळखीचं लागलं, पण कुठलं ते आठवेना. तसंच सांगितलं.

"केमिकल आहे," ती म्हणाली. "स्प्रे. गॅरेजमध्ये काही राहिलं होतं का? खरं सांग."

मी खरंच सांगितलं, नव्हतं. तिने मान हलवली. त्याच जहाजातून दुसऱ्या शेतकऱ्यांची पोती इतर भाजणाऱ्यांकडे गेली होती, तिने सगळ्यांना विचारलं, त्यांची स्वच्छ होती. फक्त रोसाल्विनाची अशी. शेजाऱ्याचं औषध केळी ओलांडून आलं असेल, किंवा तिने नाइलाजाने स्वतःच मारलं असेल. "तिने मला एक फोन तरी करायचा ना," एवढं म्हणून इला पेले धुवायला वळली. पाण्याच्या आवाजात ती रडत होती हे मला पाठीवरून कळलं.

आज संध्याकाळी मी गॅरेजमधून बॅग काढायला गेले. फळ्या अजून तिथेच होत्या. एक उचलून भिंतीला लावली, तर खालून धोतराच्या कापडाची एक छोटी पुरचुंडी निघाली. मग दुसऱ्या फळीखाली आणखी एक. भिंतीच्या कडेलाही होत्या, सगळ्यांना एकसारखी गाठ. उघडून बघायची गरज नव्हती. आईची पैठणी जिच्यात असायची त्या ट्रंकेचं झाकण उघडल्यावर यायचा, तोच वास. रविवारी पेल्यात जे ओळखीचं लागलं ते हे. डांबर गोळ्या. महिनाभर मी त्या गॅरेजमधून येत-जात होते, आणि मला तो वास घराचाच वाटला होता.

नागपूरला तेव्हा सकाळ होती. मी नानांना फोन लावला, तब्येत विचारली, आणि मग पुरचुंड्यांचं विचारलं.

"सापडल्या का?" नाना खूश झाले. "अगं, तागाला कसर फार लवकर लागते. मी गोळ्या माझ्या स्वेटरांसाठी आणल्या होत्या, त्या सगळ्या तिथे घातल्या. एकही पोतं कुरतडलं का? सांग बरं."

मी म्हणाले, नाही, एकही नाही.

"इलाला मात्र सांगू नकोस. म्हणेल, म्हातारा लुडबुड करतो. माझं पोतं तेवढं ठेवायला सांग."

कॉफीत काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. वर्षानुवर्षं त्या गोळ्यांत वावरलेल्या नाकाला तो वास येतसुद्धा नसणार.

मी फोन ठेवते तोच इलाचा आला. आवाज अगदी शांत होता, आणि ती शांत असली की मला जास्त भीती वाटते. आयात करणाऱ्याशी बोलून झालं होतं. सकाळी सहाला तो आणि ती मिळून संस्थेला फोन करणार. "आय हॅव टु, आई. लोक माझ्याकडून ऑरगॅनिक म्हणून घेतात." मग म्हणाली, "फार्मसीच्या अर्जाची तारीख अजून गेलेली नाही. मी चेक केलं."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पुरचुंडी माझ्या डाव्या हातात होती. मी म्हणाले, जेवलीस का? ती म्हणाली हो, आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी स्वतःला कारणं देते आहे. नाना ऐंशीचे आहेत, हे कळलं तर मनाला लावून घेतील, पुन्हा आमच्या घरी कशाला हात लावणार नाहीत. माल तर गेलाच आहे. सांगितलं काय, न सांगितलं काय, इला तो विकू शकत नाही. पोरगी अखेर फार्मसीला जाते आहे. मी न बोलता मला हवं ते सगळं होतं आहे. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यातल्या एकाही कारणात ती पेरूची बाई नाही.

तिला मी फोटोतच पाहिलं आहे. केळींच्या रांगेसमोर उभी आहे, हात पुसून घेतल्यासारखे पोटाशी धरलेले. उद्या तिला संस्थेच्या ऑफिसात बोलावतील. ती सांगेल, मी काही मारलं नाही. मग केळींकडे बोट दाखवेल. आणि माझी मुलगी, जी तिच्या पलंगावर झोपली, तिनेच तक्रार केली आहे हे तिला कळेल. सोफ्याच्या फटीत हात घातल्याशिवाय इला राहणार नाही. आज नाही तर पुढच्या वर्षी, नाना बोलता बोलता सांगून टाकतील तेव्हा. आणि मला कधीपासून माहीत होतं, हे ती मला विचारेल.

ती कदाचित चिडेल, मराठीत. फार्मसीची तारीख निघून जाईल, कारण माल रोसाल्विनामुळे बिघडलेला नाही हे कळलं की ती पुढच्या पिकासाठी हट्टाने उभी राहणार. मी तिला ओळखते. पुढचे गणपती येतील आणि विनीता पुन्हा विचारेल. नानांना मात्र मी स्वतः सांगेन, उद्या, हळूच. इलाने त्यांना परस्पर फोन करू नये एवढं तिच्याकडून कबूल करून घ्यायला हवं.

सकाळची वाट बघितली तर मी पुन्हा जेवलीस का विचारेन. फोन इथेच वहीशेजारी आहे, पुरचुंडीही. ती झोपली असेल, पण तिच्या उशाशी फोन असतो. पहिलं वाक्य ठरवलं आहे: इला, पेरूला फोन करू नकोस, तो वास आपल्या घरातला आहे. आता पेन खाली ठेवून तिचा नंबर लावते.