अझाराची उकडलेली अंडी

अंडं पाण्यात सोडायच्या आधी, सडकं तर नाही ना म्हणून, कानाशी धरून हलवायचं. उकडलं की चिरून आत वाटलेली मिरची भरायची, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी थोडी. तडकलेलं अंडं स्वतःला ठेवायचं. संध्याकाळी टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर चमचा वाजवून कोंबड्यांना हाक मारायची. अझाराच्या या सवयी अक्रा शहरातल्या भंगारबाजारात सगळ्यांना पाठ होत्या.

तिच्या कोंबड्या तारा जाळायच्या मैदानातच चरत. वरचं प्लास्टिक जळून गेलं की तांबं उरे आणि काळी राख उरे. त्या राखेत कोंबड्या दिवसभर पाय मारत. तारा जाळणारी पोरं खोकत तिच्याकडे येत. "धुरावर अंडं," ती सांगे, "छाती मोकळी होते." पोरांचा विश्वास होता. तिचा तर होताच. धाकटी बहीण समाता पोटुशी राहिली, तेव्हापासून रोज सकाळी एक अंडं तिच्या हातावर पडू लागलं.

मग विद्यापीठातली एसिनाम आली. तपासायला अंडी घेऊन गेली आणि काही आठवड्यांनी परतली.

"मावशी, ही खाऊ नका. विकूही नका."

"सडकी निघाली?"

"नाही, ताजी आहेत. पण राखेतलं विष कोंबडीच्या पोटात जातं आणि अंड्यात उतरतं. बलकात जास्त."

अझाराने विचार केला. "मग पांढरं तेवढं देते."

"पांढरंही नको. पोटुशा बाईला तर नकोच."

"खाऊन कोणी आजारी पडलं नाही गं."

"लगेच कळत नाही, मावशी."

अझाराने एक अंडं सोललं, मोडलं. बलक पिवळाधमक. हुंगून पाहिलं. वास चांगलाच होता.

"मग कोंबड्या कशा मरत नाहीत?"

एसिनामने सांगितलं ते तिला अर्धंच कळलं.

तारा जाळणारा नापारी बाजूला उभा होता. "धूर आम्ही गिळायचा आणि विष कोंबडीला?" तो हसला, हसता हसता खोकू लागला. "दे मावशी एक. मिरची जास्त."

अझाराचा हात अंड्यांच्या परातीकडे गेला आणि थांबला.

"संपली," ती म्हणाली. परात भरलेली होती. नापारी परातीकडे बघत राहिला.

सकाळी समाताने हात पुढे केला.

"ताई, माझं अंडं?"

"आज पेज पी."

"नापारीलाही नाही म्हणालीस म्हणे. कुणासाठी जपून ठेवतेस?"

"कुणासाठी नाही."

"मग माझं काय चुकलं?"

"तुझं नाही गं. कोंबड्यांचं... कोंबड्यांचंही नाही." इतके महिने रोज एक, एवढंच डोक्यात फिरत होतं. समाता पेज न पिताच उठली.

दुपारी अझाराने फ्रिजच्या जुन्या जाळ्या गोळा केल्या. कोंबड्यांना कोंडायचं, मका घालायचा, राखेत जाऊ द्यायचं नाही. तीन बाजू तारेने बांधून झाल्या. मग तिने आतली माती पायाने उकरली. काळी. अजून उकरली. खालीही राखेने काळीच.

उघड्या बाजूने एक कोंबडी आत आली, कोपऱ्यात बसली, अंडं घालून निघून गेली. अझाराने ते उचललं, कानाशी धरलं, हलवलं. मग तिथेच खाली ठेवलं.

चौथी जाळी अजून भिंतीला टेकून उभी आहे.