गळती कोणाच्या विभागाची

तुम्ही दोघं खेळण्यांवरून भांडता, तेव्हा तुमची आई फोनवर म्हणते, "थांबा, आजीलाच सांगते." आजीला सांगून काही उपयोग नाही. मी साठीच्या उंबरठ्यावर एका चिवड्याच्या डब्यावरून जळले होते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाने एक समिती नेमली. पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेली काही मुलं दिवाळीच्या सुट्टीत घरी जात आणि परतच येत नसत. ही गळती किती कमी करायची, याचं उद्दिष्ट आम्ही ठरवायचं होतं. मी इंग्रजी विभागाची प्रमुख. समाजशास्त्राच्या प्रमुख माझ्याहून बऱ्याच लहान, त्यांचा विभाग आमच्या पलीकडेच. त्यांच्या दारात सदा मुलांचा घोळका, माझ्या दारात स्वच्छ फरशी.

मी आग्रह धरला की उद्दिष्ट विभागवार असावं, आणि विभाग सोडला की ती गळतीच धरावी.

"मॅडम, मूल विद्यापीठात टिकलं म्हणजे झालं की," त्या म्हणाल्या. "कुठल्या का वर्गात बसेना."

"सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही," मी म्हणाले. माझं म्हणणं मान्य झालं. खरं सांगायचं तर मला त्यांना एकदा तरी हरवायचं होतं.

माझ्या वर्गात इंदापूरकडची एक मुलगी होती. तिचे निबंध मी दोनदा वाचत असे. सुट्टी संपली आणि ती स्टीलचा डबा घेऊन माझ्या दारात उभी. मला कोण आनंद!

"हे पलीकडच्या मॅडमचं," ती घाईघाईने म्हणाली. "घरचा फराळ आणल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. मी त्यांच्या वर्गात नाही, तरी मलापण."

म्हणजे यांची मुलं परत येत होती ती चिवडा पोचवायला! मी सुट्टीत वाचायच्या पुस्तकांची नावं सांगितली होती.

"तुम्हाला थोडा काढून देऊ, मॅडम?"

"नको. मला तिखट चालत नाही."

मग तिने मुख्य विषय बदलून समाजशास्त्र घेण्याचा अर्ज पुढे केला. "लिहायला जमतं, पण वर्गात इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घसा सुकतो. घरी म्हणतात, जमत नसेल तर ये परत, स्थळ आलंय."

"आणि तिकडे जमेल?"

"तिकडं मी बोलते, मॅडम."

हे मला चिवड्यापेक्षा झोंबलं. पण सही केली नसती तर ती घरीच गेली असती. मी सही केली.

वर्षअखेरीच्या बैठकीत माझ्याच नियमाने ती माझ्या विभागाची गळती ठरली. आणि येताना मी तिला पलीकडच्या वर्गात तावातावाने वाद घालताना ऐकलं होतं! मी उठून म्हणाले, पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट सगळ्या विद्यापीठाचं मिळून असावं.

"मी पहिल्यापासून तेच म्हणत होते," शेजारून आवाज आला.

"हो तर. तुम्हाला सगळंच आधी सुचतं."

बैठकीच्या इतिवृत्तात मात्र ती सूचना माझ्या नावावर आहे. तेवढं मी जातीने पाहून घेतलं.