दारावरची लाल पाटी आणि उपाशी वऱ्हाड

मंडळी, चुलतभावाच्या लग्नासाठी वर्ध्यातल्या एका नव्या, देखण्या हॉटेलात उतरलोय. आजचं दुपारचं जेवण दिवेलागणीला झालं. डोकं अजून तापलेलंच आहे.

आम्ही वराकडचे, अल्लीपूरचे. मुलीकडचे खोलीवर बोलवायला आल्याशिवाय आम्ही पंगतीला जात नाही. खालून वांग्याच्या भाजीचा वास येत होता आणि नवरदेवाचे वडील, म्हणजे आमचे मोठेबाबा, टोपी घालून पलंगावर तयार बसले होते.

"मोठेबाबा, खाली फोन करू काय?"

"काऊन? आपण काय जेवन मागून खातो काय?"

शेवटी भुकेनं वैतागून मी दार उघडलं. कडीला लाल पाटी लटकत होती, ‘कृपया त्रास देऊ नका’. आमच्या प्रत्येक खोलीला! व्हरांड्यातून जाणारा हॉटेलचा मॅनेजर कौतुकानं म्हणाला, "पाहुण्यांना आराम मिळावा म्हणून आम्हीच लावल्या, सर."

त्याच्याच बोलण्यातून कळलं, मुलीचे वडील आम्हाला बोलवायला कुंकवाचं ताट घेऊन दोनदा वर यायला निघाले होते. दोन्ही वेळा वेटरनं जिन्यातूनच परत पाठवलं. आमच्याआधी तेही जेवणार नव्हते, म्हणून त्यांची सगळी माणसंही उपाशीच.

मी खाली धावलो. मुलीचे वडील ताट धरून जिन्याशी उभे होते.

"मोठे पाहुणे रागावले काय आमच्यावर? काई चुकलं काय आमचं?"

पोरीचा बाप लग्नाच्या दिवशी अर्धा दिवस हाच विचार करत तिथं उभा होता. मंडळी, तुम्हीच सांगा, त्या पाटीनं आराम नेमका कोणाला मिळाला?